अप्पांना ईयोब वाचून दाखव

प्रिय मुली,

तुझं चार पानी पत्र तीनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात: ही सोलापूरची, ३१ वर्षांची, शाळेत शिकवते. बायबलच्या जुन्या करारात एम.टीएच. (धर्मशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) झाली, आता डॉक्टरेट करायची आहे. अप्पा आयुष्यभर यंत्रमागावर राबले. ते म्हणतात, "जास्त शिकलं की श्रद्धा जाते." मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, वडीलधारे विचारतात, "पाळक (धर्मगुरू) व्हायचं नाही, मग एवढं कशाला?" आणि ती मला विचारते, नोकरी सोडू का?

आत्ताच सोडू नकोस. आधी मार्गदर्शक मिळू दे, विषयाचा आराखडा मान्य होऊ दे, मग बिनपगारी रजा मागून बघ. पदवी कोण देणार आणि ती पुढे कुठे ग्राह्य धरतात, हे लेखी विचारून घे. धर्मशास्त्र शिकवणाऱ्या, बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजला १८२७ साली डेन्मार्कच्या राजाच्या सनदेनं पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. पण उद्या तुला एखाद्या विद्यापीठात शिकवायचं असेल, तर तिथले नियम आधीच बघून ठेव. हिब्रू येते म्हणतेस, ग्रीकही कामापुरती. मग जर्मन वाचायला आजच सुरुवात कर. या विषयातलं केवढं तरी काम त्या भाषेत पडून आहे.

अप्पांची भीती मला खोटी वाटत नाही. ज्या वचनावर लहानपणापासून प्रार्थना केली, त्याचे जुन्या हस्तलिखितांतले वेगवेगळे पाठ समोर मांडून बसलं की माणूस हलतो. तुलाही काही रात्री जड जातील. त्या अप्पांपासून लपवू नकोस. पण पुण्याला जाताना गाडीतून दौंडच्या पुढे केडगाव लागतं ना? तिथे बसून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर हेच काम हाती होतं. त्या भाषा शिकून त्यांची श्रद्धा गेली नाही. वडीलधाऱ्यांनाही हेच सांग. रमाबाई कुठे पाळक होत्या?

आता तुझ्या पत्रातल्या तिसऱ्या पानाबद्दल. तिथे तुझं अक्षर बदललंय, रेघा वर चढल्यात. जुन्या करारातल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातलं सहावं वचन तू लिहिलंयस: माझे दिवस विणकराच्या धोट्याहून वेगानं जातात आणि आशेविना संपतात. 'आशा' या जागी हिब्रूत 'तिक्वा' आहे, आणि यहोशवाच्या पुस्तकात राहाब नावाची बाई खिडकीला जो किरमिजी दोर बांधते, त्यालाही हाच शब्द आहे. म्हणजे ईयोब एकाच दमात म्हणतो, आशा संपली, दोरा संपला. तू लिहितेस, "हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही." त्या पानावर ना नोकरीची काळजी आहे, ना मंडळीची. मुली, डॉक्टरेट कर. माझं उत्तर त्या पानावरून ठरलं.

अप्पांना यातलं काहीच सांगितलेलं नाहीस, याचं मात्र मला वाईट वाटलं. धोटा तुझ्या कुठल्याही प्राध्यापकापेक्षा त्यांना जास्त कळतो. येत्या रविवारी उपासनेहून आलात की त्यांच्याजवळ बस, हे वचन वाचून दाखव आणि विचार: अप्पा, धोट्यातली कांडी संपत आली की तुम्हाला आधी कशावरून कळायचं? दोरा संपला की कापडाचं काय व्हायचं? वही-पेन घेऊन बस, ते सांगतील तसं उतरवून घे.

तुझी,
ताई