पहिली गिटार मोठ्या चेनच्या दुकानातून घ्यावी की छोट्या दुकानातून? सर्व्हिस कुठे चांगली मिळते?

तुम्ही लिहिलंय की दहा वर्षांच्या मुलीला पहिली गिटार घ्यायची आहे आणि जो भेटेल तो सांगतोय छोट्या दुकानात जा, तिथे आपुलकीने बघतात. मी उलटं सांगणार आहे. पहिलं वाद्य घ्यायचं असेल आणि दुकानात तुमची कुणाशी ओळख नसेल तर सरळ मोठ्या चेनमध्ये जा. हे उगाच तोंडाला येईल ते बोलत नाहीये, या एका मुद्द्यावरून माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं गेली अकरा वर्षं वाजतंय.

मी डावखुरी आहे. एकोणीस वर्षांची होते तेव्हा गिटार शिकायचं डोक्यात घेतलं, वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे साठवले, आणि दादा म्हणाला इकडेतिकडे कुठे जाऊ नकोस, आपल्या दुकानात चल. आपलं दुकान म्हणजे तो रोज संध्याकाळी जिथे जाऊन बसायचा ते. मालक एकटाच सगळं बघायचा, स्वतः उत्तम वाजवायचा, रिपेअरिंगला हात चांगला होता, आणि काउंटरच्या अलीकडे चार-पाच जण कायम स्टुलांवर बसलेले असायचे, दादा त्यातलाच एक. मी आत गेले, म्हटलं मला डावखुरी अकूस्टिक (विजेशिवाय वाजणारी साधी गिटार) बघायचीय. मालकाने मान वर न करता सांगितलं, "उलटी गिटार आम्ही ठेवत नाही. सरळ हाताने शिक, सगळे शिकतात." मी म्हटलं मागवून मिळेल का. त्यावर तो काचेवर बोट आपटत म्हणाला, "हेंड्रिक्स माहितीये का? उजवीच गिटार उलटी धरून वाजवायचा. तुला काय वेगळी पाहिजे?" स्टुलांवरचे सगळे हसले. दादा हसला नाही, पण बोललाही नाही, समोरच्या पिकांच्या (तारा छेडायच्या छोट्या चकत्यांच्या) डब्यात बोटं घालून चाळत बसला.

तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं, आज येतं म्हणून देते. जिमी हेंड्रिक्स, तो प्रसिद्ध डावखुरा अमेरिकन गिटारवादक, उजवी स्ट्रॅटोकास्टर (एक इलेक्ट्रिक गिटार) उलटी धरायचा हे खरं, पण तारा तो डावखुऱ्या क्रमाने लावून घ्यायचा. आणि ती इलेक्ट्रिक, तिच्या ब्रिजवर (गिटारच्या अंगावर तारा जिथे अडकवतात तो भाग) प्रत्येक तारेचं सॅडल, म्हणजे तार ज्यावर टेकते तो आधार, वेगळं पुढे-मागे करता येतं. साध्या अकूस्टिकला सॅडलची एकच पट्टी असते, तीही तिरकी बसवलेली, कारण जाड तारेला लांबी थोडी जास्त लागते. गिटार उलटी करून तारा बदलल्या की तो तिरकेपणा नेमका चुकीच्या बाजूला येतो, वरच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सूर जागेवर लागत नाहीत. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या, खाचा तर वेगळंच दुखणं, जाड तारेच्या रुंद खाचेत बारीक तार खडखडते आणि बारीक खाचेत जाड तार बसतच नाही. आतल्या लाकडी पट्ट्यासुद्धा दोन्ही बाजूंना सारख्या नसतात. म्हणजे उलटी धर हा सल्ला नवशिक्याला अकूस्टिकसाठी द्यायचाच नसतो, आणि त्या माणसाला हे माझ्यापेक्षा शंभरपट जास्त माहीत होतं. माहीत असून त्याने सांगितलं नाही कारण समोर कोण उभं आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

महिनाभर मी विषयच सोडून दिला होता. मग एकदा मैत्रिणीबरोबर एका मोठ्या चेनच्या दुकानात शिरले. काउंटरवर माझ्याच वयाचा मुलगा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मी घाबरत घाबरत विचारलं. तो म्हणाला, "मॅडम खरं सांगू का, मला स्वतःला वाजवता येत नाही, पण सिस्टीममध्ये बघतो." आणि बघताना त्याने मॉनिटर माझ्याकडे वळवला. हे मला आजही डोळ्यासमोर दिसतं, तो जे बघत होता तेच मीही बघत होते. कुठल्या शाखेत काय शिल्लक आहे, कोणत्या मॉडेलमध्ये डावखुरी मिळते, कोणत्यात नाही. एक दुसऱ्या शाखेत निघाली. आगाऊ पैसे न घेता त्याने मागवली, नऊ दिवसांनी फोन आला.

आता यातली पुढची गोष्ट दादा नेहमी सांगतो म्हणून मीच सांगते. ती गिटार खराब निघाली. नटपाशी तारा इतक्या उंच की पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड धरताना बोटं कापली जायची, आणि मला वाटायचं माझीच बोटं नाजूक आहेत. दुकानात कुणालाच ते देताना कळलं नव्हतं. पण मी सहाव्या दिवशी घेऊन गेले तेव्हा कुणी मला हे शिकवलं नाही की बोटं कडक होतील, सवय होईल, धीर धर. पावती बघितली, परत करायची मुदत शिल्लक होती, काउंटरच्या मागे नियम छापून लावलेला होता तो मला वाचून दाखवला आणि बदली पीस मागवला. दुसरा पीस व्यवस्थित होता, अजून माझ्याकडे आहे. त्या मुलाला गिटारमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी माझं काम झालं, कारण काम व्हायला त्याने माझ्यावर मेहेरबानी करायची गरजच नव्हती.

दादाचं म्हणणं असं की मी एका प्रसंगावरून अख्ख्या जमातीला बदनाम करते. त्याचा हुकमी पत्ता म्हणजे, एका शोच्या सकाळी त्याच्या गिटारचा आउटपुट जॅक (केबल जोडायची जागा) गेला, सुट्टीचा दिवस होता, मालकाने घरून येऊन शटर उघडलं, नवा जॅक डाख मारून बसवून दिला आणि एक पैसा घेतला नाही. "तुझी चेन करेल का असं?" नाही करणार. शंभर टक्के नाही करणार. पण दादा, ती मैत्री झाली, सर्व्हिस नव्हे. सर्व्हिस त्याला म्हणतात जी अनोळखी माणसालाही मिळते. छोट्या दुकानात तुम्ही त्यांच्यातले असाल तर जगात तसं दुकान नाही, आणि नसाल तर तुम्ही तिथे हवेसारखे असता, आणि त्यांच्यातलं व्हायला वर्षं जातात, शिवाय बऱ्याचदा मुलगा असावं लागतं. मी नंतर कितीतरी बायकांशी बोललेय, वाद्यांच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न असतो "कुणासाठी घ्यायचंय?" तुमच्या मुलीला बरोबर न्याल तेव्हा दुकानदार प्रश्न तिला विचारतो की तुम्हाला, एवढं बघा.

त्या मालकाची बाजू मला कळत नाही असं नाही. डावखुरी माणसं दहात एक, त्यातली कित्येक उजव्या हाताने शिकतात, कंपन्या मुळात मोजकीच मॉडेल डावखुरी काढतात, आणि न विकलेला पीस भिंतीवर टांगून ठेवणं एकट्या दुकानदाराला परवडत नाही. मोठ्या ब्रँडची डीलरशिप हवी तर ठरावीक माल उचलावा लागतो, त्यात त्याचे पैसे अडकलेले. सगळं मान्य. पण "माझ्याकडे नाही, मागवायला वेळ लागेल, अमुक ठिकाणी विचार" एवढं म्हणायला कुठली डीलरशिप लागते?

चेनबद्दल पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका, हे आधीच सांगायला हवं होतं. भिंतीवर टांगलेल्या गिटारी दिवसभर शंभर जण हाताळतात, तारा गंजलेल्या असतात, एसीच्या कोरड्या हवेत लाकूड आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात (लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते). डिस्प्लेचा पीस घेऊ नका, बंद खोक्यातला मागा आणि तिथेच उघडून बघा. वाढीव वॉरंटी आणि ॲक्सेसरीजचं पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न होईल, विकणाऱ्यावर टार्गेट असतं, नको म्हणा. आज ज्याने मदत केली तो सहा महिन्यांनी तिथे नसेल. आणि चेन म्हणजे कायमची असंही काही नाही, अमेरिकेतली सॅम ॲश १९२४ ला सुरू झाली, शंभर वर्षं चालली आणि २०२४ मध्ये सगळी दुकानं बंद झाली. गिटार सेंटर तिथली सगळ्यात मोठी, तिनेही २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता, मग सावरली. तेव्हा गिफ्ट कार्डात नाहीतर क्रेडिटमध्ये पैसे अडकवून ठेवू नका.

तुमच्या मुलीसाठी नेमकं काय घ्यावं ते थोडक्यात. दहा वर्षांच्या मुलीला तीन-चतुर्थांश साइज आणि नायलॉनच्या तारा. स्टीलच्या लाइट (बारीक तारांच्या) सेटचा सगळा मिळून ताण ७० किलोच्या वर जातो, नायलॉनचा त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त, बोटांना फरक पडतो. पण त्या गिटारला पुढे कधी हौसेने स्टीलच्या तारा लावू नका, ब्रिज उखडून येऊ शकतो. दुकानात एक गोष्ट स्वतः तपासा, तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर बघा, तार आणि फ्रेट यांच्यात जेमतेम कागद जाईल एवढी फट हवी. पुठ्ठा जात असेल तर नट उंच आहे, माझ्यासारखं होईल. सहाही तारा बघा. याला वाजवता यायची गरज नाही. आणि बिल करायच्या आधी विचारा, आठवड्याने परत आणली तर काय, आणि जे सांगतील ते बिलावर लिहून मागा. मुलगी डावखुरी असेल तर तिला रिकाम्या हातांनी गिटार वाजवायची नक्कल करायला सांगा, ती जशी धरेल तशी घ्या, कुणाचं ऐकू नका.

रिपेअरिंगला मात्र मी चेनमध्ये जात नाही. सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं), फ्रेट घासणं, नट नवीन बसवणं हे हाताचं काम आहे, त्यासाठी एकट्याने काम करणारा कारागीर शोधा, माझा जो आहे त्याने पहिल्याच दिवशी गिटार हातात घेऊन उलटी वगैरे काही न म्हणता विचारलं, "पिकने वाजवता की बोटांनी?" म्हणजे छोटी माणसं वाईट असं माझं म्हणणं नाहीये, आणि कधीच नव्हतं.

दादा हे वाचेल, त्याला मीच लिंक पाठवणार आहे. जॅकचं मला मान्य आहे रे, दहा वेळा मान्य केलंय, तो माणूस तुझ्यासाठी चांगलाच होता. पण तू प्रत्येक वेळी जॅकची गोष्ट सांगतोस आणि त्या संध्याकाळची सांगत नाहीस. पिकांच्या डब्यात तू काय शोधत होतास?