वर ग्लोबल लिहिलंय, तरी एक्सला व्हॅल्यू नाही म्हणतंय!

प्रश्न : ऑटोहॉटकीमध्ये (विंडोजवर कीबोर्ड-माउसची कामं आपोआप करून देणारं सॉफ्टवेअर) छोटीशी स्क्रिप्ट केलीय, एफ८ दाबलं की कर्सर ५० पिक्सेल उजवीकडे सरकायला पाहिजे, बस एवढंच. पहिल्याच ओळीत ग्लोबल (म्हणजे स्क्रिप्टभर चालणारा) एक्स := ५०० आहे, हॉटकीच्या, म्हणजे एफ८ दाबल्यावर चालणाऱ्या भागाच्या, महिरपी कंसात एक्स += ५० आणि खाली कर्सर हलवणारं माउसमूव्ह. तरी एरर, एक्सला व्हॅल्यूच दिली नाही म्हणे. भावाच्या जुन्या लॅपटॉपवर जवळपास अशीच स्क्रिप्ट मस्त चालते. दुसरं म्हणजे विंडो स्पायमधून (कर्सरची जागा आकड्यांत दाखवणारं ऑटोहॉटकीचं टूल) बघून आकडे टाकले तरी कर्सर बटणाच्या जरा खालीच जाऊन बसतो, असं का?

उत्तर : भावाकडे बहुतेक व्हर्जन १ असणार आणि तुमच्याकडे २, जे २०२२च्या डिसेंबरात आलं. जुन्यात हॉटकीतले व्हेरिएबल (एक्ससारखी व्हॅल्यू ठेवायची नावं) सगळे ग्लोबलच असायचे, आणि व्हॅल्यू दिलेली नसली तरी ते रिकामं धरून गप पुढे जायचं. आता हॉटकीचा कंस म्हणजे एक फंक्शनच (कोडचा स्वतंत्र तुकडा) झालंय, आत तुम्ही एक्स बदलायला गेलात की ते त्याला स्वतःचा लोकल (फक्त आतल्यापुरता) एक्स समजतं, आणि त्यात तर काहीच नाही, मग ५० मिळवणार कशात? वरच्या ओळीतलं ग्लोबल आता आतपर्यंत पोचत नाही. कंस उघडल्या उघडल्या पहिली ओळ ग्लोबल एक्स अशी टाका, झालं काम. नुसता वाचायचा असता तर याचीही गरज नव्हती, बदलताय म्हणून लागतं. आणि हो, व्हॅल्यू द्यायला :=च, नुसतं = म्हणजे तुलना.

आता कर्सरचं. विंडो स्पाय तीन जातीचे आकडे दाखवतं, स्क्रीन (पूर्ण पडद्याच्या कोपऱ्यापासून), विंडो (विंडोच्या कोपऱ्यापासून) आणि क्लायंट (विंडोच्या आतल्या भागापासून). तुम्ही स्क्रीनवाले उचललेत, पण व्हर्जन २ काही सांगितलं नाही तर क्लायंट धरतं, म्हणजे टायटल बारच्या खालून मोजायला सुरुवात. म्हणून विंडो स्क्रीनभर मोठी केलेली असली तर तेवढ्या उंचीने कर्सर खाली. एकतर क्लायंटचे आकडे घ्या, किंवा स्क्रिप्टच्या अगदी वर कोऑर्डमोड "माउस", "स्क्रीन" लिहा, अवतरणचिन्हांसकट. माझं मत विचाराल तर क्लायंटच बरं, विंडो इकडेतिकडे सरकवली तरी बटण सापडतं. मी एकदा स्क्रीनवर विसंबून विंडो ओढली आणि क्लिक थेट बंद करायच्या फुलीवर, अर्ध्या तासाची एंट्री गेली.

कर्सर कुठून कुठे जातो ते बघायला माउसमूव्हच्या तिसऱ्या जागी स्पीड २० देऊन बघाल, पण आधी सेंडमोड (माउस-कीबोर्डच्या हालचाली पाठवायची पद्धत) "इव्हेंट" करा, नाहीतर डीफॉल्ट इनपुट मोडमध्ये स्पीडकडे बघतच नाही, झटकन उडी मारतो.