१.४६ म्हणजे पैकीच्या पैकी मार्क नव्हेत

प्रश्न : माझे वडील, अण्णा, ६८ वर्षांचे. निवृत्त प्राथमिक शिक्षक. सोळा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. रोज सकाळी टेकडीवरच्या ‘चार भिंती’पर्यंत चढून जायची जुनी सवय. गेल्या दिवाळीपासून चढावर डाव्या पोटरीत गोळा येतो म्हणून मध्येच थांबतात. सोबतच्या मंडळींना कळू नये म्हणून खाली वाकून बुटाची नाडी बांधायचं नाटक करतात, हे मला त्यांच्या मित्रांकडून कळलं. आमच्या कॉलनीत आरोग्य शिबिर झालं, तिथे पायांच्या रक्तपुरवठ्याची एबीआय तपासणी (घोट्याचा रक्तदाब भागिले हाताचा) केली. हात १३६, उजवा घोटा १९८, डावा घोटा १२८. म्हणून उजवा १.४६ आणि डावा ०.९४. मशीनवरचा मुलगा म्हणाला, एकच्या आसपास म्हणजे नॉर्मल, उजवा तर एकदम भारी. आता अण्णा तो कागद खिशात घेऊन फिरतात आणि डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत. पाय खरंच चांगले आहेत का?
– एक मुलगी, शाहूपुरी, सातारा

उत्तर : अण्णा गणित शिकवायचे की नाही माहीत नाही, पण या कागदावरचं गणित बरोबर आहे. अर्थ चुकला आहे.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघा. घोट्याजवळचं वरचं (दोन आकड्यांपैकी मोठं) रक्तदाब मोजायचं, दोन्ही दंडांवरचं मोजायचं, दंडांपैकी जे जास्त भरेल त्याने घोट्याच्या आकड्याला भागायचं. निरोगी माणसाचं घोट्यातलं दाब हाताएवढं किंवा थोडं जास्तच असतं, म्हणून उत्तर १ ते १.४ च्या दरम्यान येतं. पायाच्या धमनीत वाटेत कुठे चरबीचा थर साचून ती अरुंद झाली असेल, तर घोट्यापर्यंत दाब पोचत नाही. ०.९० किंवा त्याखाली आलं की धमनी आजारी आहे असं धरतात. ०.९१ ते ०.९९ ही काठावरची जागा. अण्णांचा डावा पाय तिथे बसलाय.

आता तो ‘भारी’ उजवा. १.४० च्या वर गेलेला आकडा म्हणजे जास्त रक्त नव्हे. बरीच वर्षं शुगर असलेल्यांच्या किंवा किडनीच्या रुग्णांच्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं आणि ती पीव्हीसी पाइपसारखी कडक होते. पट्टा कितीही फुगवला तरी ती दबतच नाही, आणि मशीन बिचारं भलताच मोठा आकडा दाखवतं. आत रक्त किती वाहतंय ते त्यातून कळत नाही. शिवाय उजव्या पायाची धमनी अशी कडक असेल, तर डाव्याची मऊ कशावरून? म्हणजे तो ०.९४ सुद्धा खरा त्याहून कमी असू शकतो. मला तर काळजी त्याचीच जास्त वाटते, कारण दुखतो तोच पाय.

एक गोष्ट त्यांना विचारा : मोजताना आडवं झोपवलं होतं का खुर्चीवर बसवलं होतं? शिबिरात रांग लागलेली असते, बसल्याबसल्या पट्टा बांधतात. बसलं की पायातल्या रक्ताचा भार घोट्यावर येतो आणि आकडा फुगतो. आधी पाच-दहा मिनिटं उताणं झोपून, मगच मोजायचं असतं.

तेव्हा ही तपासणी पुन्हा करून घ्या, हातात धरायच्या डॉपलरने. पेनाएवढा प्रोब असतो, जेल लावून घोट्याच्या आतल्या बाजूला आणि पावलाच्या वरच्या बाजूला धरला की रक्ताचा आवाज येतो. चांगल्या धमनीचा आवाज ठसठशीत, दोन-तीन टप्प्यांत येतो. आजारी धमनीचा नुसता एकसुरी, हवेसारखा. त्याबरोबर पायाच्या अंगठ्याचं दाब मोजायला सांगा. पायाच्या बोटांतल्या बारीक धमन्या सहसा अशा कडक होत नाहीत, म्हणून शुगरवाल्यांत तो आकडा जास्त खरं बोलतो. अंगठ्याचं दाब भागिले हाताचं दाब ०.७० किंवा कमी आलं, तर रक्तपुरवठा कमी आहे. लगेच मोठा कलर डॉपलर, सीटी अँजिओग्राफी करायची घाई नको. ती पुढची पायरी.

आता पोटरीबद्दल. हे दुखणं स्वभावावरून ओळखता येतं. ठरावीक अंतरावर येतं, थांबलं की काही मिनिटांत जातं, पुन्हा चाललं की पुन्हा तेवढ्याच अंतरावर येतं. चढावर लवकर येतं, कारण स्नायूला रक्त जास्त लागतं. गंमत म्हणजे हे दुखणं आधी नोंदवलं गेलं ते माणसात नव्हे, घोड्यात : १८३१ मध्ये फ्रान्समधल्या बुले नावाच्या पशुवैद्याने. माणसातलं वर्णन शार्को यांनी १८५८ मध्ये केलं.

पण मणक्यात नस दबली तरी चालताना पाय भरून येतात, आणि इथे अण्णांच्या बुटाच्या नाडीने घोळ घातलाय. मणक्याच्या दुखण्यात पुढे वाकलं की आराम पडतो. अण्णा थांबतातही आणि वाकतातही, मग बरं कशाने वाटतं? उद्यापासून त्यांना सांगा, दुखलं की वाकू नका, ताठ उभे राहा. नुसतं उभं राहूनच गोळा सुटला, तर संशय रक्तावर. बसल्या-वाकल्याशिवाय सुटत नसेल, तर कंबरेवर. मणक्याच्या माणसाला चढ बऱ्याचदा सोसतो, कारण चढताना आपण पुढे झुकतो; उतारावर त्याचे हाल होतात. अण्णांचं उलट दिसतंय.

हे मी एवढं पोटतिडकीने लिहिते, कारण मी स्वतः चुकले आहे. विडी ओढणारे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर चार महिने माझ्याकडे येत होते. पोटरी दुखते म्हणायचे. एवढी वर्षं गाडी चालवली, म्हणजे कंबर, असं मीच ठरवून टाकलं. एक्स-रे, कंबरपट्टा, गोळ्या. त्या चार महिन्यांत एकदाही मी त्यांना चप्पल-मोजे काढायला लावले नाहीत. काढले तेव्हा करंगळी काळी पडली होती. अँजिओप्लास्टीने पाय राहिला, करंगळी गेली. तेव्हापासून माझ्या टेबलाशेजारी स्टूल आहे, पेशंटने पाय त्यावर ठेवायचा आणि मी घोट्याजवळची आणि पावलावरची अशा दोन्ही नाड्यांचे ठोके हाताने चाचपायचे. अर्धं मिनिट लागतं.

तुम्हीही घरी बघा : एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो का, नडगीवरचे केस गेलेत का, बोटांच्या बेचक्यात भेग किंवा न भरणारी जखम आहे का. जखम असेल किंवा रात्री पाऊल ठणकून पलंगाखाली सोडल्यावरच बरं वाटत असेल, तर त्याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा. आणि पाय अचानक गार, पांढरा पडून बधिर झाला तर रात्रीचे दोन वाजले तरी निघा. तिथे काही तासांचाच हिशेब असतो.

चालणं मात्र बंद करायला लावू नका. जखम नसेल तर दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, आठवड्यातून निदान तीन दिवस अर्धा-पाऊण तास. पायाची धमनी बिघडलेल्यांत हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बऱ्याचदा बिघडलेल्या असतात, म्हणून ईसीजी, कोलेस्टेरॉल बघून गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांशी बोला. अण्णा न आल्यास मित्रांनाच पुढे करा, त्यांचं ऐकतील.

प्रश्न : आईच्या (७१) पायाला सूज येते. शेजारणीला व्हेरिकोज व्हेन्ससाठी दिलेले घट्ट लांब मोजे आईलाही चालतील का? आईला मिशरीची सवय आहे, शुगरही आहे.
– वाई

उत्तर : आज घालू नका. ते मोजे शिरांसाठी, म्हणजे पायातलं रक्त परत वर नेणाऱ्या नळ्यांसाठी असतात. धमनीच अरुंद असेल तर उरलंसुरलं रक्तही मोज्याने दाबलं जातं, आणि शुगरमुळे बधिर झालेल्या पायाला ते कळतही नाही. आधी नाडी आणि एबीआय, मग मोजे. सूज हृदयामुळे किंवा किडनीमुळेही येते, तेही तपासा. शेकायला गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नको. मिशरी सुटली तर उत्तमच. एकदम जमत नसेल तर आधी रात्रीची सोडायला सांगा.