सँडरसनच्या त्या तेरा कादंबऱ्या वाया गेल्या का?

मला आलेला प्रश्न असा आहे : "ब्रँडन सँडरसनने पहिलं पुस्तक विकलं जाईपर्यंत तेरा कादंबऱ्या लिहून काढल्या होत्या. ही वर्षं वायाच गेली ना? नव्या फँटसी लेखकाला हा वेळ कसा वाचवता येईल?"

'वाया' हा शब्द मला लागला. दोन दिवस सोडून द्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून लिहितेय.

सँडरसन फँटसी, म्हणजे जादू आणि कल्पित जगांच्या कादंबऱ्या लिहितो. तो १९७५ सालचा, अमेरिकेत नेब्रास्कातल्या लिंकनचा. प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात तो आधी जीवरसायनशास्त्र शिकायला गेला. मधे दोन वर्षं चर्चच्या कामासाठी दक्षिण कोरियात सोलला होता. परतल्यावर विषय बदलून इंग्रजी घेतलं आणि हॉटेलच्या काउंटरवर रात्रपाळी धरली. ती नोकरी त्याने मुद्दाम धरली होती. मध्यरात्रीनंतर तिथे फारसं कुणी फिरकत नसे आणि कामावर लिहीत बसलेलं चालत असे.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही रात्रपाळीच करत होते, एका इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवर. चार वर्षं केली. दोन ते साडेचार हा वेळ माझा. तेव्हा वॉर्डातल्या नर्ससुद्धा हळू आवाजात बोलतात आणि वरचा पंखा तेवढा ऐकू येतो. अँब्युलन्स आली की वाक्य जिथे असेल तिथे सोडायचं, केस पेपर काढायचा, नाव, वय, पत्ता लिहायचा, पेशंट आत गेला की पुन्हा वही ओढायची. असं करून दोन कादंबऱ्या पूर्ण केल्या. पहिलीच्या तीन फुलस्केप वह्या झाल्या, दुसरीच्या चार. पहिलीत एक नदी होती, रोज रात्री काठ बदलणारी. तिसऱ्या वहीच्या शेवटी एका नावाड्याची मुलगी येते. तिला लिहिता येत नाही, म्हणून आज काठ कुठे होता ते लक्षात ठेवायला ती दोरीला गाठी मारते. ती मला फार उशिरा सुचली आणि कादंबरी संपूनच गेली.

दोन प्रकाशकांना पाठवली. एकाकडून परत आली, दुसऱ्याकडून काहीच आलं नाही. मग आम्ही घर बदललं. सामान आवरताना दादाने वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात त्या सातही वह्या बांधल्या, वरून सुतळी आवळली आणि रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. मला तीन दिवसांनी कळलं. मी विचारलं तर म्हणाला, "कुणी घेतलं नव्हतं ना? मग रद्दीच की ती." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. आई म्हणाली, जाऊ दे, पुन्हा लिही.

तुमचा प्रश्न आणि दादाचं ते वाक्य मला एकच वाटतं, म्हणून आता सँडरसनच्या त्या 'वाया' पुस्तकांचं पुढे काय झालं ते सांगते.

त्याने लिहिलेली सहावी कादंबरी म्हणजे 'एलांट्रिस'. एका संमेलनात भेटलेल्या टॉर प्रकाशनाच्या संपादकाला, मोशे फेडरला, त्याने ती पाठवली आणि जवळजवळ दीड वर्ष उत्तर नाही. या काळात तो फोनकडे बघत बसला नाही, लिहीत राहिला. २००३ मध्ये होकार आला तेव्हा तो तेराव्या कादंबरीपर्यंत पोचला होता. 'एलांट्रिस' २००५ मध्ये बाजारात आली.

आता बाकीच्यांकडे बघा. न छापलेल्यांपैकी एकीत धातू गिळून शक्ती मिळवण्याची कल्पना होती, दुसरीत एक वेगळं साम्राज्य आणि व्हिन नावाचं पात्र. दोन्ही कादंबऱ्या फसलेल्या. दोन्हींतलं चांगलं उचलून त्याने नवी लिहिली, ती २००६ ची 'मिस्टबॉर्न'. त्याची सगळ्यात पहिली कादंबरी 'व्हाइट सँड' २०१६ पासून चित्रकादंबरी म्हणून निघाली. आणि तेरावी, म्हणजे 'द वे ऑफ किंग्ज', त्याने बाजूला ठेवली आणि काही वर्षांनी पहिल्या पानापासून नव्याने लिहिली. जुन्या मसुद्यात नायकाला एक जादूची तलवार मिळते आणि तो ती घेतो. नव्यात तो ती नाकारतो. एवढ्या एका निर्णयाने अख्खा माणूस बदलला, आणि २०१० मध्ये आलेलं ते हजार पानी पुस्तक आज त्याचं मुख्य काम मानलं जातं. तलवार घेणारा नायक आधी लिहून बघितला नसता तर नाकारणारा कुठून आला असता?

राहिला वेळ वाचवण्याचा प्रश्न. तसा प्रयत्न त्यानेही करून बघितला आहे. नकार येत होते तेव्हा प्रकाशकांना सध्या काय हवंय याचा अंदाज बांधून त्याने अधिक गडद, अधिक आटोपशीर कादंबऱ्या लिहिल्या. ती आपली सगळ्यात कमकुवत पुस्तकं, असं तो स्वतःच सांगतो. त्यानंतर त्याने ठरवलं की छापून येवो न येवो, आपल्याला हवं तसं अवाढव्य पुस्तक लिहायचं, आणि त्यातून ती तेरावी झाली. बाजाराचा अंदाज घेऊन लिहिणं हा माझ्या मते लेखकाचा वेळ खाणारा सगळ्यात मोठा उद्योग आहे.

फँटसी लेखक रॉबर्ट जॉर्डन सप्टेंबर २००७ मध्ये वारले तेव्हा त्यांची 'द व्हील ऑफ टाइम' ही कादंबरीमालिका अपुरी होती. सँडरसनने त्यांच्यावर लिहिलेला श्रद्धांजलीचा मजकूर जॉर्डन यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांच्यापर्यंत पोचला, त्यांनी 'मिस्टबॉर्न' वाचली आणि काम त्याच्याकडे सोपवलं. शेवटचं एक पुस्तक ठरलं होतं, त्याची तीन झाली. शेवटचं २०१३ मध्ये आलं. लोक याला नशीब म्हणतात. नशीब असेलही, पण त्या वेळी हॅरिएटबाईंच्या हातात द्यायला 'मिस्टबॉर्न' होती, आणि ती कशातून झाली ते वर लिहिलंय.

मार्च २०२२ मध्ये त्याने किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या वेबसाइटवर, चार गुपित कादंबऱ्या जाहीर केल्या, करोनाच्या काळात कुणी मागितल्या नसताना लिहिलेल्या. मागितले होते दहा लाख डॉलर, जमले चार कोटी सतरा लाख, एक लाख पंच्याऐंशी हजारांवर लोकांकडून. कुणी विचारलेलं नसताना लिहीत बसण्याची सवय त्याला हॉटेलच्या काउंटरवर लागली होती.

माझं पुढे असं झालं. वह्या गेल्यावर वर्षभर काही लिहिलं नाही. मग एका रात्री खिडकीवर एक म्हातारे गृहस्थ आले. बायकोला आत नेलं होतं, आणि ते बाकावर बसून रुमालाला गाठी मारत होते, सोडत होते, पुन्हा मारत होते. मला ती मुलगी आठवली. सात वह्यांतलं बाकी सगळं धूसर झालं होतं, ती मात्र दोरीसकट समोर उभी. पहाटेपर्यंत तिची गोष्ट लिहिली. ती एका दिवाळी अंकात आली, अकरा पानं. दादाने अंक हातात घेतला, वाचला आणि म्हणाला, "बघ, छोटं लिहिलंस तर छापलं. आधीच हे लिहिलं असतंस तर तेवढी जागरणं वाचली असती."

मला उत्तर सुचलं नाही. आता दोन दिवसांपासून सुचतंय.

एक सांगायचं राहिलं. सँडरसनचं सगळंच सगळ्यांना जमेल असं नाही. त्या तेरा कादंबऱ्या लिहिल्या तेव्हा त्याचं लग्न झालेलं नव्हतं, ते २००६ मध्ये झालं. ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्याने तेरा कादंबऱ्यांची वाट बघावी असं मी म्हणणार नाही. त्याची भाषा साधी आहे, अलंकारिक गद्य आवडणाऱ्यांना ती कोरडी वाटेल. शिकायचंच असेल तर विद्यापीठातली त्याची व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत, कादंबरीतल्या जादूला नियम कसे घालायचे वगैरे सगळं त्यात आहे, मी इथे परत लिहीत नाही. आणि पहिली कादंबरी बरी झाली नाही तर ती दुरुस्त करत पाच वर्षं काढू नका, दुसरी सुरू करा. पहिली जपून ठेवा मात्र. घर बदलताना त्या वह्या स्वतःच्या हाताने पेटीत भरा, पेटीवर नाव घाला, आणि आवरायला कोण आलंय ते बघा.

दादा, हे वाचत असलास तर, नावाड्याची मुलगी तिसऱ्या वहीतली होती.