खेड्यातल्या लग्नासाठी फोटोग्राफर ठरवताना काय विचारून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की लग्न मे महिन्यात आहे, गाव दिग्रस तालुक्यात, मांडव घरापुढेच पडणार आणि मुलगी वाशीम जिल्ह्यातली. तीन फोटोग्राफरांनी तीन पॅकेजं सांगितली, त्यातलं कोणतं घ्यावं ते कळत नाही. मी दारव्ह्याकडचा. अकरा वर्षांपासून लग्नांचे फोटो काढतो. पण आधी भाऊ म्हणून सांगतो.

माझ्या ताईचं लग्न 2012 साली झालं. बाबांनी कापूस विकून आलेल्या पैशातून फोटोवाल्याला इसार दिला. जो माणूस घरी येऊन अल्बम दाखवून गेला, तो लग्नात आलाच नाही. दाट तिथीचा दिवस होता, त्यानं तीन लग्नं घेतली होती आणि आमच्याकडे दोन पोरं पाठवली. मग ‘पुढच्या आठवड्यात भेटते अल्बम’ असं ऐकत ऐकत दिवाळी आली. तेव्हा कुठे त्यानं सांगितलं की कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली, हळद आणि पाठवणीचं काहीच उरलं नाही. पाठवणीच्या वेळी आजीनं स्वतःच्या हातातली चांदीची पाटली काढून ताईच्या हातात घातली होती. आजी पुढचा पोळा पाहू शकली नाही. ती पाटली ताईजवळ आहे, पण त्या घडीचा एकही फोटो नाही.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नाहीच. त्या दिवशी कॅमेरा कोणाच्या हातात असेल, हे विचारा. त्या माणसाचं नाव घ्या, त्याच्याशी बोला, त्यानं काढलेलं काम बघा. त्याच तारखेला दुसरं लग्न घेतलंय का, हेही तोंडावर विचारा. आपल्याकडे पत्रिकेत मुहूर्त साडेअकराचा असतो आणि वरात नाचत नाचत मांडवात येईपर्यंत दोन वाजतात. ज्याला चार वाजता दुसऱ्या गावी पोचायचंय, तो तुमची पाठवणी अर्धवट टाकून जाणार. आठ तासांचं पॅकेज घेत असाल तर हे आठ तास कधीपासून मोजायचे ते ठरवा. मला विचाराल तर तासांवर करूच नका, हळदीपासून पाठवणीपर्यंत ठरवा.

अल्बम दाखवायला आणला तर म्हणा, एकाच लग्नाचे सगळे फोटो दाखवा. वीस लग्नांतले निवडक फोटो सगळ्यांचेच चांगले असतात. मे महिन्यात भरदुपारी मांडवात लागलेलं एक लग्न आणि गोरज मुहूर्तावरचं एक, अशी दोन पूर्ण लग्नं बघितली की माणूस कळतो. गोरज मुहूर्ताला मंगलाष्टकं सुरू होतात तेव्हा उजेड असतो, संपेपर्यंत अंधार पडतो. तेवढ्या वेळात ज्याला कॅमेरा सांभाळता येत नाही, त्याच्या फोटोत नेमके अक्षता पडतानाचे चेहरे काळे येतात.

आता मांडवाच्या कापडाबद्दल. हे कोणी सांगत नाही, आणि याच्याइतकं फोटो बिघडवणारं दुसरं काही मी पाहिलं नाही. डोक्यावर लाल, गुलाबी किंवा हिरवं कापड असेल आणि वरून बाराचं ऊन असेल, तर तो रंग उतरून सगळ्यांच्या तोंडावर येतो. हिरव्या कापडाखाली नवरी आजारी दिसते. बाजूनं येणारा उजेड पांढरा, वरून येणारा हिरवा, त्यामुळे नंतर कॉम्प्युटरवर चेहरा नीट केला की शालू बिघडतो. मांडववाल्याला आत्ताच सांगून ठेवा की स्टेज आणि बोहल्यावर पांढरं किंवा मोतिया कापड लाव, रंगीत झालर बाजूंना लाव. त्याला एक पैसाही जास्त लागत नाही. डीजेवाल्यालाही सांगा की लेझर स्टेजकडे मारू नको, लेझरची किरणं सरळ कॅमेऱ्यात गेली तर आतला सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो. नवरानवरीचे दोघांचे फोटो सकाळी नऊच्या आत किंवा साडेपाचनंतर घ्या. पंचेचाळीस अंशांत भरजरी कपड्यांत उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू आणता येत नाही.

डेटाचं काय, हे विचारताना लाजू नका. कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात का, दोन्हींवर एकाच वेळी फोटो उतरतात का, हे विचारा. घरी गेल्यावर तो किती ठिकाणी कॉपी करतो, आणि कार्ड पुसतो कधी? मी एका लग्नात तीन-चार हजार फोटो काढतो. फोरके (4K, म्हणजे जास्त बारकाव्याचा) व्हिडिओ तासाला पंचेचाळीस जीबीपर्यंत जागा खातो. हे पेनड्राइव्हमध्ये मावत नाही. तुम्हीच एक टीबीची हार्डडिस्क आधी आणून ठेवा आणि लग्नानंतर आठ दिवसांत न निवडलेले, न सजवलेले सगळे मूळ फोटो त्यात भरून घ्या. अल्बम मागून येऊ द्या. एक प्रत तुमच्या घरी, एक मुलीच्या माहेरी. व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटो ही प्रत मानू नका, तिथे फोटो बारीक होऊन येतो, मोठा छापला की फाटतो.

दोन्हीकडचे आपापला फोटोवाला आणतात, ही आपल्याकडची रीत. मग अंतरपाट धरला की पुढे चार जण कॅमेरे घेऊन उभे, आणि मागं बसलेल्या सोयऱ्यांना त्यांच्या पाठी दिसतात. तुमच्या सोयऱ्यांशी बोलून बघा. हळद आपापल्या घरी आपापला माणूस करेल, लग्नाच्या दिवशी एकच टीम आणि खर्च निम्मानिम्मा. हे जमलं तर त्याच पैशात चांगला माणूस मिळतो.

विधी त्याला ठाऊक आहेत का, हेही पाहून घ्या. तुमच्या घरी कोणत्या पद्धतीनं लग्न लागतं ते तुम्ही लिहिलं नाही. बौद्ध पद्धतीनं असेल तर त्रिशरण-पंचशील आणि हार घालणं थोड्या वेळात आटोपतं. अंतरपाटाची वाट बघत बसलेला फोटोग्राफर तिथं फसतो. बंजारा लग्न असेल तर बायांची गाणी चालू असतानाच खरे चेहरे मिळतात, त्या वेळी तो जेवायला गेलेला नसावा.

आणि माणसांची यादी करा. घरातला एक जाणता माणूस दिवसभर त्याच्यासोबत द्या, ज्याला मामा कोण, आतेबहीण कोण, पुण्याहून कोण आलं ते माहीत आहे. म्हाताऱ्या माणसांचे फोटो वरात येण्याआधी सकाळीच काढून घ्यायला सांगा. दुपारी ते थकतात, कोपऱ्यातल्या खाटेवर जाऊन पडतात, मग कोणी उठवत नाही. मी आता प्रत्येक लग्नात पोचल्या पोचल्या पहिला फोटो घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा काढतो. तुमच्या फोटोग्राफरलाही हे सांगून ठेवा.

व्यवहार कागदावर करा, साध्या वहीच्या पानावर दोघांच्या सह्या चालतील. तारखा, किती माणसं येणार, अल्बमचा आकार आणि शीट किती, वाढीव शीटचा भाव, व्हिडिओची मिक्सिंग (कापून-जोडून, गाणी लावून केलेली फिल्म) किती तासांची, अल्बम कोणत्या तारखेला. करिझ्मा अल्बमच्या (ज्यात फोटो पानावरच छापलेले असतात) भावात इथंच फसवणूक होते, बोलताना चाळीस शीट आणि हातात तीस. पैसे एकदम देऊ नका. मी चौथाई इसार घेतो, निम्मे हळदीच्या दिवशी, राहिलेले अल्बम हातात दिल्यावर. दिलेला प्रत्येक पैसा फोनवरून द्या, म्हणजे नोंद राहते.

हक्काचं पण सांगतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणून सही करताना वाचा, त्यात हक्क फोटोग्राफरकडे लिहिलेत का. नवरीचे फोटो त्याच्या जाहिरातीला किंवा रीलला वापरायचे की नाही, हे तिला विचारून ठरवा आणि लिहा. काम बिघडलं किंवा बुडवलं, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. आमच्या बाबांना हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

ड्रोन पॅकेजमध्ये असेल तर नोंदणी क्रमांक मागा. अडीचशे ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, 2021 च्या नियमांत तसं आहे. घरापुढे विजेच्या तारा असतील आणि खाली मांडवात पोरं असतील तर मी तरी उडवत नाही. त्या पैशात दुसरा कॅमेरेवाला घ्या, तो नवरीकडच्या खोलीत उभा राहील.

पैसे कमी असतील तर आधी ड्रोन सोडा, मग प्री-वेडिंग सोडा, मग अल्बमची शीट कमी करा, अल्बम दोन वर्षांनीही छापता येतो. व्हिडिओ मात्र सोडू नका, मिक्सिंग नाही केली तरी चालेल. आजोबा आशीर्वाद देताना काय म्हणाले, ते फोटोत ऐकू येत नाही. व्हिडिओवाल्याला एक छोटा माइक स्टेजवर लावायला सांगा आणि आशीर्वादाच्या वेळी डीजे बंद ठेवा.