जुन्या मातीच्या घराचे काम साहित्यासह ठेक्याने द्यावे का?

आपला प्रश्न असा आहे की, आर्वी तालुक्यातील गावी असलेल्या मातीच्या, कवेलूच्या घराच्या मागच्या दोन खोल्या पाडून तेथे स्लॅबच्या खोल्या बांधायच्या आहेत आणि मिस्त्री साहित्यासह चौरस फुटाचा एकच भाव सांगत आहे. तो मान्य करावा का, आणि खर्च हाताबाहेर जाऊ नये म्हणून काय करावे?

माझ्या मते ठेका फक्त मजुरीचा द्यावा आणि साहित्य स्वतः आणावे. साहित्यासह ठेक्यात मिस्त्रीची कमाई बहुधा सिमेंट आणि लोह्याच्या बचतीतून होते, आणि एकदा छपाई (प्लास्टर) झाली की ती बचत कोणाला दिसत नाही. रोजाने, म्हणजे दिवसाच्या मजुरीवर, काम दिल्यास मात्र ते लांबत जाते, म्हणून रोज केवळ पाडकामापुरता आणि डागडुजीपुरता ठेवावा.

साहित्य स्वतः घ्यायचे म्हणजे हिशेब स्वतः करावा लागतो, पण तो अवघड नाही. ४०० चौरस फुटांचा, ५ इंच जाडीचा स्लॅब म्हणजे सुमारे १६७ घनफूट, अर्थात ४.७ घनमीटर काँक्रीट, १:१.५:३ (सिमेंट, रेती, गिट्टी) या प्रमाणाला घनमीटरमागे सिमेंटच्या साधारण ८ बॅगा लागतात, म्हणजे बीम वगळून ३८ च्या आसपास. मिस्त्रीने २५ सांगितल्या तरी विचारावे आणि ६० सांगितल्या तरी विचारावे. लोहा नगावर न घेता काट्यावर तोलून घ्यावा; १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई सुमारे १०.७ किलो भरली पाहिजे. रेतीच्या बाबतीत फसगत सर्वाधिक होते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली १० फूट लांब व ६ फूट रुंद असेल, तर वरचा ढीग फावड्याने सपाट केल्यावर रेतीची उंची २० इंच भरायला हवी, १८ इंच भरली तर ९० घनफूटच आले. त्यातही ओलसर बारीक रेती फुगते आणि तिचे आकारमान २० ते ३० टक्क्यांपर्यंत जास्त दिसते, म्हणून भाव ठरवताना हेही बोलून घ्यावे.

जमीन काळी असेल तर पायाच्या कामात कंजुषी करू नये. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया खालच्या कठीण मुरमापर्यंत न्यावा आणि जोत्यावर बीम फिरवावा. नव्या स्लॅबचा भार जुन्या मातीच्या भिंतीवर अजिबात टाकू नये. दोन्ही बांधकामे सुटी ठेवून मधल्या फटीवर पत्र्याची झाकण-पट्टी लावावी.

सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणी सुरू असताना मजूर मिळत नाहीत आणि पावसाळ्यात रेतीचे घाट (नदीतून रेती काढण्याच्या जागा) बंद असतात, म्हणून रेती आधी आणून ठेवून काम माघाच्या सुमारास सुरू करावे. स्लॅब एप्रिल-मेवर ढकलू नये. त्या उन्हात पाणी मारणे किमान १४ दिवस चालवावे लागते, आणि विहीर आटलेली असल्यास टँकरचा खर्च अंगावर येतो.

पैशाबाबत माझा आग्रह असा आहे की, चुकारा दिवसांवर न करता टप्प्यांवर करावा: जोता, भिंती, स्लॅब, छपाई. इसार थोडाच द्यावा, आणि पोळा-दिवाळीला मागितलेली उचल झालेल्या कामाच्या मजुरीपेक्षा जास्त होऊ देऊ नये, कारण मग मिस्त्री दुसऱ्या गावच्या कामावर जातो आणि आपले काम अर्धवट पडून राहते. मुद्रांकावरचा करार गावात कोणी करत नाही. वहीच्या पानावर भाव लिहून दोघांनी सह्या कराव्यात, एवढे पुरते. मात्र त्या पानावर दारे-खिडक्यांची जागा छपाईच्या मापातून वजा होणार की नाही, आणि जिना, कठडा, सज्जे व स्वयंपाकाचा ओटा भावात धरले आहेत की वेगळे, हे नक्की लिहावे. शेवटच्या हिशेबातली भांडणे बहुतेक याच बाबींवरून होतात. मजुरीचा शेवटचा हप्ता स्लॅबवर पाणी साठवून गळती पाहिल्यावरच द्यावा.

पाडकामातून निघणारे सागवानाचे वासे, पाट्या आणि चौकटी कोणाच्या, हेही त्याच पानावर लिहून घ्यावे. जुने सागवान आज सहज विकले जाते आणि ठेकेदार ते मलब्यात धरून नेतात; वाळवी न लागलेल्या चौकटी तर आपल्याच नव्या खोल्यांना बसवता येतील.