प्लास्टिक खाणारे जिवाणू असतील, तर ते कचरा डेपोत का सोडत नाहीत?

असे जिवाणू खरंच आहेत. पण तुम्ही म्हणता तसे ते गावाच्या डेपोत सोडले, तर ढीग आहे तसाच राहील. त्या ढिगात मुख्यतः काय असतं? कॅरीबॅग, दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं. म्हणजे पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन. ज्या जिवाणूची सर्वाधिक चर्चा होते, त्याचं खाद्य वेगळं आहे: पाण्याची बाटली ज्याची बनते ते पीईटी नावाचं प्लास्टिक.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. पीईटीच्या रेणूच्या लांबलचक साखळीत ठरावीक अंतरावर 'ईस्टर बंध' नावाचे जोड असतात आणि ते पाण्याच्या साहाय्याने तोडता येतात. पॉलिथिनची साखळी निव्वळ कार्बनला कार्बन जोडून झालेली. विकराला, म्हणजे असे बंध तोडणाऱ्या प्रथिनाला (एन्झाइमला), पकडायला तिथे जागाच नाही. पॉलिथिन खाणाऱ्या जिवाणूंच्या बातम्या येतात, पण घटलेलं वजन प्लास्टिकचं की त्यात मिसळलेल्या रसायनांचं, हे आधी तपासावं लागतं.

पीईटी खाणारा तो चर्चेतला जिवाणू, 'इडिओनेला साकाइएन्सिस', जपानमधल्या साकाई शहरात, बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राबाहेर मिळाला. २०१६ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. तो दोन विकरं वापरतो: पीईटेझ साखळीचे तुकडे करतं, एमएचईटेझ त्या तुकड्यांपासून टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल हे पीईटीचे मूळ घटक मोकळे करतं. मात्र ३० अंश सेल्सिअसला एक पातळ पापुद्रा संपवायला त्याला सुमारे सहा आठवडे लागले, आणि तोही मुद्दाम निवडलेला, विस्कळीत रचनेचा. बाटलीत साखळ्या घट्ट, शिस्तीत रचलेल्या असतात. तिथे विकर फारसं आत शिरू शकत नाही.

म्हणून खरं काम जिवाणूशिवाय, नुसत्या विकराने चाललं आहे. पालापाचोळ्याच्या खतातून मिळालेल्या एका विकरात फ्रान्समधल्या संशोधकांनी बदल केले. २०२० च्या त्यांच्या प्रयोगात ७२ अंशांना १० तासांत ९० टक्के पीईटी सुटं झालं. सत्तरीच्या आसपास साखळ्या सैल होतात, म्हणून एवढी उष्णता. त्याआधी बाटल्या वितळवून, झटकन थंड करून दळाव्या लागतात. उघड्या डेपोत हे कसं होणार?

बाटल्या तर भंगारवाला आजही नेतोच. मला आशा वाटते ती पॉलिएस्टरच्या कापडाबद्दल. तेही पीईटीच आहे, पण जुन्या साड्या आणि शर्टांपासून पुन्हा चांगला धागा काढणं अवघड असतं. विकराने मूळ घटक वेगळे झाले, की त्यातून नवं पीईटी बनवता येतं.